डाग खरे हवेत!

मोठ्या स्केलचा रणगाडा जोडणं एक वेळ सोपं. पण तो खरा वाटावा, चाललेला, झिजलेला, धुळीने माखलेला दिसावा, असं वाटत असेल तर ब्रश हातात घेण्याआधी बाहेर पडावं लागतं. कळंबोलीच्या ट्रकपासून नगरच्या रणगाडा संग्रहालयापर्यंत झालेल्या अशाच एका भटकंतीची ही गोष्ट.

“काय गं पोरी, हा रणगाडा रेजिमेंटमधून आणलास की कळंबोलीच्या भंगारातून?”

तळमजल्यावरच्या काकांनी हसत हसत विचारलं आणि माझ्या दोन महिन्यांच्या मेहनतीची हवाच गेली. काका साताऱ्याकडचे. लष्कराच्या आर्मर्ड कोअरमधून, म्हणजे रणगाडा दलातून, दफेदार म्हणून रिटायर झालेले आणि आता मुलाकडे नवीन पनवेलला राहणारे. अख्खी नोकरी रणगाडा चालवण्यात गेलेला माणूस. त्यांच्या तोंडून ‘वा, भारी!’ ऐकायचं म्हणून मी ते दोन फुटी धूड खोक्यात घालून मुद्दाम त्यांच्याकडे घेऊन गेले होते. व्हिडीओ बघून बघून मी त्यावर गंज चढवला होता. कडांवर गंज, बोल्टवर गंज, टरेटवरून ओघळणारा गंज. मला तो जाम रिअ‍ॅलिस्टिक वाटत होता.

“एवढा गंज?” काका म्हणाले. “आमच्या वेळी ट्रॅकगार्डवर नखाएवढा गंज दिसला असता ना, तर त्या ड्रायव्हरचं काही खरं नव्हतं. रणगाडा रोज पुसतात गं. लढाईतला रणगाडा मळतो, झिजतो, ठेचकाळतो. पण गंजायला एका जागी उभं राहावं लागतं. तेवढा वेळ कुठे असतो त्याला?”

त्या संध्याकाळी मला कळलं की आपण रणगाडा रंगवलाच नव्हता. आपण ‘रणगाड्याचा लुक’ रंगवला होता. दोन्हींत फरक आहे आणि तो फरक शिकायला मला पुढचे तीन महिने लागले.

एकविसाव्या वर्षाचा रणगाडा

आधी थोडं बॅकग्राऊंड. आमच्या कॉलेजच्या एनसीसी युनिटने १६ डिसेंबरला, विजय दिवसाला, प्रदर्शन करायचं ठरवलं. पोस्टर सगळेच करतात, म्हणून मी म्हटलं मी रणगाडा करते. आणि रणगाडा करायचा तर ‘फामागुस्ता’च करायचा.

फामागुस्ता हे खरं म्हणजे सायप्रसमधल्या एका बंदराचं नाव. पण आपल्याकडे ते ओळखलं जातं १७ पूना हॉर्स या रेजिमेंटच्या एका सेंच्युरियन रणगाड्यामुळे. त्याचा कमांडर होता सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल. १४ ऑक्टोबर १९५० ला पुण्यात जन्म, खडकवासल्याच्या एनडीएत शिक्षण आणि जून १९७१ मध्ये पूना हॉर्समध्ये कमिशन. नव्या अधिकाऱ्यांच्या कोर्ससाठी तो अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) आला होता. कोर्स चालू असतानाच युद्धाची चिन्हं दिसू लागली आणि तो रेजिमेंटकडे परत गेला.

१५ डिसेंबरच्या रात्री शकरगढ भागात आपल्या पायदळाने बसंतर नदी ओलांडली. पलीकडे सुरुंग पेरलेले होते. इंजिनिअर वाट साफ करत असतानाच पूना हॉर्सचे रणगाडे त्या सुरुंगांतून पुढे सरकले. १६ तारखेला जरपालजवळ पाकिस्तानी रणगाड्यांनी जोरदार प्रतिहल्ला केला. ‘बी’ स्क्वॉड्रनने मदत मागितली आणि ‘ए’ स्क्वॉड्रनमधला खेतरपाल आपला रणगाडा घेऊन धावला. लढता लढता फामागुस्तावर गोळा लागला, रणगाडा पेटला. बाहेर पडण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालतेय, असं वायरलेसवर सांगून तो आतच राहिला आणि लढत राहिला. दुसऱ्या माऱ्यात तो गेला. त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं. खेतरपालला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

वय २१. नोकरी सहा महिने. टी.वाय.च्या आमच्या वर्गात अर्ध्या पोरापोरींचं वय साधारण तेवढंच आहे. काकांनी ‘भंगार’ म्हटल्यावर मला वाईट वाटलं ते म्हणूनच. माझा रंग चुकला होता एवढंच नाही, मी त्या रणगाड्याची बदनामी केली होती.

मावळा दरवाज्यापेक्षा मोठा

दिवाळीतला आपला किल्ला आठवा. अळीव उगवलेत, मोहरी उगवलीय, मस्त तटबंदी आहे आणि महादरवाज्यासमोर दरवाज्याच्या दुप्पट उंचीचा मावळा उभा आहे. लहानपणी ते खुपत नाही. मोठेपणी मॉडेल करताना तीच चूक वेगळ्या रूपात परत येते.

खऱ्या सेंच्युरियनची बॉडी साधारण ७.६ मीटर लांब, ३.४ मीटर रुंद आणि वजन ५० टनांच्या वर. मी स्केल घेतलं १:१६, म्हणजे खऱ्याचा सोळावा भाग. बॉडी झाली साडेसत्तेचाळीस सेंटीमीटर आणि पुढे आलेल्या नळीसकट लांबी ६० च्या पुढे. जगभर रणगाड्यांसाठी सगळ्यात लोकप्रिय स्केल आहे १:३५. त्यामागचं कारण भन्नाट आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्यात म्हणून जो आकार ठरला, तो निघाला मूळच्या पस्तिसाव्या भागाएवढा. पुढे तेच स्केल रूढ झालं.

मोठ्या स्केलचं किट मला परवडणारं नव्हतं. म्हणून बॉडी सनबोर्डची, टरेट थर्माकोलचं आणि तोफेची नळी पीव्हीसी पाइपची. इथपर्यंत सगळं जुगाडात भागलं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली, कारण छोट्या मॉडेलवर नजर पुष्कळ गोष्टी माफ करते, मोठ्या मॉडेलवर करत नाही. हिशोब साधा आहे. १:१६ मध्ये मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावरचे १६ मिलिमीटर. रंग उडाल्याचा ३ मिलिमीटरचा टवका मी सहज काढून मोकळी झाले होते. तो खऱ्यात झाला जवळजवळ ५ सेंटीमीटरचा! रंगात अडकलेला वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे ८ मिलिमीटरची खडी. हा माझा मावळा, दरवाज्यापेक्षा मोठा.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. कुठलाही डाग, खरचटा, टवका काढायच्या आधी त्याला १६ ने गुणायचं आणि विचारायचं, एवढं मोठं खरंच झालं असतं का? निम्मे डाग इथेच गळतात.

मोहरीचे रिव्हेट आणि काकांचं हसू

दुसरी फजिती रिव्हेटची. रणगाडा ‘रणगाड्यासारखा’ दिसावा म्हणून मी बॉडीवर ओळीने मोहरीचे दाणे फेविकॉलने चिकटवले होते. एकसारखे, गोल, सुबक. काका म्हणाले, “हे कुणी सांगितलं तुला? सेंच्युरियनला वेल्डिंग असतं.”

मग त्यांनी कारण सांगितलं. जुन्या रणगाड्यांच्या प्लेटा रिव्हेटने जोडलेल्या असत. बाहेरून गोळा आदळला की प्लेट फुटली नाही तरी रिव्हेटचं डोकं तुटायचं आणि आतल्या माणसांमध्ये गोळीसारखं सुटायचं. म्हणून पुढे वेल्डिंग आलं, ओतीव टरेट आले. म्हणजे मी हौसेने चिकटवलेला एकेक मोहरीचा दाणा आतल्या माणसाच्या जिवावर उठणारा होता. सगळे दाणे खरवडून काढले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं एसटीने नगर गाठलं. तिथल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये काकांची गोष्ट डोळ्यांसमोर उभी राहते. १९९४ मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने हे संग्रहालय सुरू केलं. रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चिलखती गाडीपासून मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, पॅटन आणि आपला विजयंता, सगळे एका आवारात. व्हॅलेंटाइनवर रिव्हेट दिसतात. मटिल्डाचं अंग ओतीव, गुळगुळीत वळणांचं आहे. सेंच्युरियनवर वेल्डिंगची जाड शिवण दिसते. पोलाद जोडण्याच्या तीन पद्धती, आणि बघायला तिकीट फक्त एसटीचं आणि संग्रहालयाचं.

घरी आल्यावर एम-सीलची सुतासारखी बारीक वळी केली, सांध्यांवर बसवली आणि टूथपिकने जवळजवळ तिरके खोच देत गेले. वेल्डिंगची शिवण तयार. टरेटसाठी मात्र आधी मार खाल्ला होता. थर्माकोलवर थेट स्प्रे मारला आणि टरेट डोळ्यांदेखत विरघळायला लागलं. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, हे रसायनशास्त्र मी शिकले आहे, परीक्षेत लिहिलंही आहे. पण हाताला माहीत नव्हतं. नवीन टरेटवर आधी टिश्यू पेपर आणि फेविकॉलचे तीन थर दिले. ते कडक वाळल्यावर पातळ केलेली वॉल पुटी जुन्या टूथब्रशने टोचत लावली आणि अगदी हलकं घासलं. ओतीव लोखंडावर साच्याचा जो खरखरीतपणा असतो, तो मिळाला.

पेणचा धडा

रंगाचा पहिला धडा पेणला मिळाला. पनवेलकरांना पेण काही लांब नाही. हमरापूर, जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत जाऊन कारागिरांचे हात बघत उभं राहिलं की मॉडेलिंगचा अर्धा कोर्स फुकटात होतो. तिथे एकाच वेळी जाड रंग कुणी थापत नाही. पातळ थर, वाळवण, पुन्हा पातळ थर. अंगाचा रंग सपाट ठेवत नाहीत. खोलगट जागी गडद शेड आणि उंचवट्यावर उजळ. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, एका दमात.

मी तसंच केलं. आधी राखाडी प्रायमर. त्याने सगळ्या चुका उघड्या पडतात, त्या घासून दुरुस्त केल्या. मग ऑलिव्ह ग्रीन. पण बाटलीतला रंग जसाच्या तसा लावला तर मॉडेल काळपट दिसतं. दूरची वस्तू आपल्याला हवेमुळे थोडी फिकी दिसते आणि मॉडेल म्हणजे दुरून पाहिलेला रणगाडाच. म्हणून हिरव्यात थोडा फिका पिवळट रंग मिसळला. वरच्या सपाट भागांवर ऊन पडतं, तिथे अजून थोडा उजळ. ट्रॅकगार्डच्या खाली गडद.

त्यावर चमकदार वॉर्निश. मला वाटायचं, रणगाडा कुठे चमकतो? पण ही चमक तात्पुरती असते. गुळगुळीत पृष्ठभागावर नाव-नंबर स्वच्छ बसतात आणि पुढचा ‘वॉश’ फक्त फटींमध्ये वाहतो, सगळीकडे डाग सोडत नाही. वॉश म्हणजे ऑइल कलरमधला बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये चहापेक्षाही पातळ करायचा आणि बारीक ब्रशचं टोक फटीला टेकवायचं. रंग आपोआप शिवणीतून धावतो. खालचा रंग अ‍ॅक्रिलिक असल्यामुळे टर्पेंटाइन त्याला धक्का लावत नाही. चुकलं तर टर्पेंटाइनच्या ओल्या ब्रशने पुसा आणि परत करा. आयुष्यात एवढे चान्स दुसरीकडे कुठे मिळतात!

कळंबोली युनिव्हर्सिटी

आता मुख्य प्रश्न. चालून चालून रणगाडा नेमका कुठे झिजतो? नगरचे रणगाडे यात उपयोगाचे नव्हते. ते नीट रंगवून, आंघोळ घालून बसवलेले. आणि युद्धातले फोटो बहुतेक ब्लॅक अँड व्हाइट. काका म्हणाले, “ट्रक बघ. लोखंड सगळीकडे सारखंच वागतं.”

ट्रकला आपल्याकडे काय तोटा! कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी तीन रविवार वही घेऊन फिरले. लोकांनी वेड्यात काढलं असेल, पण माझी वही भरली. ड्रायव्हर केबिनमध्ये चढताना जिथे पाय ठेवतो त्याच कडेचा रंग जातो, शेजारच्या कडेचा नाही. दाराच्या हँडलभोवती रंग झिजून गुळगुळीत होतो, त्याचे टवके पडत नाहीत. डिझेल टाकीच्या झाकणाखाली तेलकट ओघळ असतो आणि धूळ त्यावर चिकटून तो काळा दिसतो. गाडीच्या मागच्या बाजूला पुढच्यापेक्षा जास्त धूळ बसते. चाकाजवळचा चिखल वाळला की फिका होतो, ओला असताना गडद. आणि गंज एका रंगाचा नसतोच. कालपरवा कापलेल्या लोखंडावर केशरी, जुन्या सळईवर तपकिरी, अजून जुन्यावर जवळजवळ काळा.

ट्रॅकचं कोडं पोकलेनने सोडवलं. विमानतळाच्या कामापासून आपल्याकडे पोकलेन काही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. त्याचे ट्रॅक जवळून बघा. जमिनीला टेकणारा भाग घासून घासून चांदीसारखा चमकतो. खाचांमध्ये वाळलेली माती असते. मधल्या भागावर मळकट तपकिरी रंग. मी ट्रॅकला आधी गडद तपकिरी रंग दिला, वर मातीचा थर आणि सगळ्यात शेवटी फक्त उंच कडांवरून ६बी पेन्सिल फिरवली. ग्राफाइटची चमक इतकी पोलादासारखी दिसते की काकांनीसुद्धा हात लावून पाहिलं. पोकलेनची चाकं लोखंडी असतात, सेंच्युरियनच्या चाकांना मात्र रबराची धाव असते. रबरावर रंगाचे टवके दाखवायचे नाहीत, फक्त धूळ. ही चूकही मी आधी केली होती.

वहीतलं सगळं रणगाड्यावर आणताना प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला. हे कुणी केलं? चढताना बूट लागतात ती कड, हॅचची कड, हात टेकायची जागा, इंधन भरायचं झाकण. तिथेच भांडी घासायच्या स्पंजचा छोटा तुकडा गडद रंगात बुडवून, कागदावर टिपून, हलकेच टेकवला. बाजूचे पातळ पत्रे कुठे कुठे किंचित वाकवले, कारण झाडंझुडपं पहिली त्यांनाच लागतात. आणि माझ्या लाडक्या गंजाला काकांनी एकाच ठिकाणी परवानगी दिली. मागच्या ट्रॅकगार्डवरच्या सायलेन्सरवर. “तिथे उष्णतेने रंग जळून जातो. तिथला गंज कुणीच थांबवू शकत नाही. तिथे काढ खुशाल.”

फेसपॅकची धूळ

धूळ उरली होती. मी खिडकीखालची माती आणून, चाळून तयार ठेवली होती. काकांनी चिमूट उचलून बघितली आणि मान हलवली. “ही पनवेलची आहे. तिकडची अशी लालसर नाही.”

काकांची नोकरीतली काही वर्षं सांबा भागात गेली होती. बसंतर नदी तिथूनच पुढे शकरगढकडे वाहत जाते. त्यांनी डोळे मिटले आणि रंग आठवायचा प्रयत्न केला. फिका. भुरका. वाळू मिसळलेला गाळ. थंडीत सकाळी ओलसर आणि दुपारी पिठासारखा. “कशासारखा सांगू... ती तुम्ही पोरी तोंडाला लावता ना, त्या मातीसारखा.”

मुलतानी माती! माझ्याच कपाटात डबा भरून होती. दळण इतकं बारीक की १:१६ मध्येसुद्धा धूळच वाटते, खडी नाही. थोडी ऑइल पेस्टलच्या नव्हे, तर साध्या खडूच्या भुकटीत मिसळून तिच्या तीन छटा केल्या. चाकांवर टर्पेंटाइनमध्ये कालवून चिखल म्हणून, ट्रॅकगार्डवर कोरडी धूळ म्हणून आणि मागच्या बाजूला मऊ ब्रशने नुसती फुंकर मारल्यासारखी. वर जावं तशी कमी, कारण धूळ खालून उडते. नदी ओलांडून आलेला रणगाडा म्हणून खालच्या भागावर ओल्या चिखलाची गडद रेघ ठेवली. सगळ्यावर शेवटी मॅट वॉर्निशचा अगदी पातळ फवारा. ओल्या चिखलावर तेवढी चमक राहू दिली.

चौकट : करून बघायचंय?

• सुरुवात छोट्या, स्वस्त किटने किंवा सनबोर्डच्या तुकड्यावर करा. प्रत्येक इफेक्ट आधी टाकाऊ तुकड्यावर, मग मॉडेलवर.
• थर्माकोलवर थेट स्प्रे नको. आधी फेविकॉल-कागदाचा थर.
• क्रम लक्षात ठेवा : प्रायमर, मूळ रंग, चमकदार वॉर्निश, नाव-नंबर, वॉश, टवके, धूळ, मॅट वॉर्निश, शेवटी धातूची चमक.
• पावसाळ्यात वॉर्निश मारू नका. आपल्याकडच्या दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. कोरडा दिवस, दुपारची वेळ.
• स्प्रे आणि टर्पेंटाइन बंद खोलीत वापरू नका. मास्क लावा, खिडकी उघडा.
• समोर खऱ्या वस्तूचा फोटो ठेवा. दुसऱ्याच्या मॉडेलचा फोटो ठेवलात तर त्याच्या चुकाही तुमच्याकडे येतात.

शेवटचा डाग

एकच गोष्ट राहिली होती आणि तिच्यावरून आमच्या ग्रुपमध्ये भांडण झालं. टरेटवर गोळ्याचं छिद्र हवं की नको?

सगळ्यांचं म्हणणं, हवंच. जळलेलं, काळं, कडा आत वळलेलं. “त्याशिवाय लोकांना फील कसा येणार?” मीही सोल्डरिंग गन घेऊन तयार होते. थर्माकोलमध्ये असं छिद्र दोन सेकंदांत पडतं आणि दिसतं एकदम फिल्मी. कुठे पाडायचं एवढंच ठरत नव्हतं. म्हणून काकांना विचारायला गेले.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. फामागुस्ता युद्धानंतर दुरुस्त केला गेला आणि आज तो नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करून ठेवलाय. ज्या गावातून तो एकवीस वर्षांचा मुलगा कोर्स अर्धवट टाकून गेला, तिथेच. नोकरीत असताना एका कोर्सला गेले तेव्हा काकांनी तो पाहिला होता.

“तो मी दुरुस्त झालेला पाहिला,” ते म्हणाले. “गोळा नेमका कुठे लागला ते बोट ठेवून मला नाही सांगता यायचं. तुला येतंय?”

“नाही.”

“एवढे दिवस तू प्रत्येक डागाला विचारत आलीस, कुणी केलं, कुठून आलं. मग हा एकच अंदाजाने का काढायचा? तोही हा?”

मी सोल्डरिंग गन ठेवून दिली.

त्या रात्री नाव लिहिलं. टरेट पुढ्यात घेतलं आणि पेणच्या कारागिरांसारखा श्वास रोखून, एका दमात, ‘फामागुस्ता’. खाली नंबर, जेएक्स २०२. नावावर धूळ टाकली नाही. हॅच उघडी ठेवली. आत माणूस बसवला नाही, तो चेहरा मला जमला नसता. बाजूला छोटं कार्ड लावलं : नाव, जन्मतारीख, कमिशनची तारीख, १६ डिसेंबर १९७१.

प्रदर्शनाच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून, छातीवर मेडल लावून आले. माझ्याशी काहीच बोलले नाहीत. रणगाड्याभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून ट्रॅक बघितले, ट्रॅकगार्डवरून बोट फिरवलं आणि बोटाला धूळ लागली का ते बघितलं. ती त्यांची जुनी सवय. मग सरळ उभे राहिले आणि थोडा वेळ तसेच उभे होते.

दुपारी एफ.वाय.चा एक मुलगा आला. फोटो काढले, कार्ड वाचलं, परत रणगाडा निरखून पाहिला. “ताई, हा तर लढाईतला आहे ना? मग याला एकही गोळा लागलेला दिसत नाही.”

“अजून सकाळ आहे,” मी म्हटलं.

त्याने पुन्हा एकदा कार्ड वाचलं. फोन खिशात ठेवला आणि बराच वेळ त्या उघड्या हॅचकडे बघत उभा राहिला.